छातीतली गाठ: सातपुड्यातली बाई इतक्या उशिरा का पोहोचते?

उपकेंद्रवाली ताई | 6 फेब्रुवारी, रात्री 9:40

राम राम मंडळी.

एएनएम (उपकेंद्रावरची परिचारिका) म्हणून 29 वर्षं नोकरी केली, त्यातली 17 नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि तळोदा तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर. आता निवृत्त होऊन शहाद्याला राहते. पाड्यांवरच्या बाया अजून फोन करतात, बाजाराला आल्या की दारात येऊन बसतात. त्यांच्यातल्याच एकीमुळे हा धागा काढतेय.

आधी माझ्या नणंदेचं सांगते. जळगावला असते, वय 46. अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. दुसऱ्या दिवशी बाईडॉक्टरांकडे गेली, मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईने तुकडा काढला आणि तेराव्या दिवशी रिपोर्ट हातात. महिना पुरा व्हायच्या आत ऑपरेशन झालं. काखेत पसरलेलं नव्हतं. आज चार वर्षं झाली. रोजची गोळी चालू आहे आणि उन्हाळा लागला की गच्चीवर बिबड्या घालते.

आता दुसरी. धडगावच्या बाजूची, पावरा समाजाची, वय असेल 38. दोन होळ्यांपूर्वी तिच्या हाताला गाठ लागली, बोराएवढी. दुखत नव्हती, म्हणून कुणाला बोलली नाही. पेरणी झाली, निंदणी झाली. पोळ्याच्या सुमारास गाठ वाढली तेव्हा नवऱ्याने तिला घाट उतरवून एका गावातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे जागा बधिर करून गाठ काढली, टाके घातले, "चरबीची होती" म्हणून घरी पाठवलं. काढलेली गाठ तपासायला पाठवलीच नाही. माझ्या मनात हे आजही सलतं. तो तुकडा लॅबला गेला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

दिवाळीनंतर जोडपं ऊसतोडीला गुजरातेत गेलं. फडावरच टाक्यांच्या जागी पुन्हा कडक लागायला लागलं. होळीला घरी आली तेव्हा काखेतही गाठ होती. पण मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता (म्हणजे नवरा-बायकोची जोडी) अर्धा राहिला असता, म्हणून पुन्हा दोन महिने फडावर. जूनमध्ये माझ्याकडे आली. मी हात लावला आणि पोटात गोळा आला. कातडी आत ओढलेली, संत्र्याच्या सालीसारखी.

तिथून पुढे सुईची तपासणी, रिपोर्ट, पुन्हा तुकडा, पुन्हा रिपोर्ट. मध्ये घाटात दरड पडली म्हणून एक तारीख हुकली. मग योजनेच्या कागदांत नाव जुळेना, त्यात 23 दिवस गेले. पहिली किमो ऑक्टोबरात. म्हणजे गाठ लागल्यापासून 19 महिने, आणि पहिल्यांदा डॉक्टरसमोर बसल्यापासून निदानापर्यंत 11 महिने. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी मोहीम सुरू केली, तिच्या उद्दिष्टांत पहिल्या भेटीपासून निदानापर्यंत 60 दिवस सांगितलेत. माझ्या नणंदेला 13 दिवस लागले, हिला 11 महिने. दोन्ही जिल्हे खान्देशातलेच, सरकार एकच, योजना एकच.

आणि एवढं करून दुसऱ्या किमोनंतर बाई आलीच नाही. मी पाड्यावर गेले. ती अंगणात ज्वारी पाखडत होती, डोक्याला फडकं बांधलेलं. म्हणाली, गाठ निम्मी झाली, आता कशाला जायचं? एकूण किती किमो आहेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "एकवीस दिवसांनी या" एवढंच सांगितलं होतं. एकवीस दिवस मोजायला तिच्या घरात दिनदर्शिका नाही. मी म्हटलं, बाजार मोज. तिसऱ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. त्यावर लगेच मान हलवली. तेव्हापासून एकही तारीख चुकलेली नाही. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढते.

मला विचारायचंय ते हे: तुमच्या भागात भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी, पारधी बायांचं काय होतं? नेमकं कुठे अडतं? ज्यांनी स्वतः भोगलंय त्यांनी जरूर लिहा.

---

केळीची बाग, रावेर | 6 फेब्रुवारी, रात्री 10:25

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी स्वतः यातून गेलेय, 2019 मध्ये. आमचं लेवा पाटलांचं घर, नात्यात दोन डॉक्टर. माझ्या दिराने एक फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नंबर लागला. तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. किमोच्या खोलीत माझ्या शेजारच्या पलंगावर यावलच्या डोंगरातली एक बाई असायची. आम्हा दोघींचं सलाईन एकाच रंगाचं, लाल. तिचं जखमेपर्यंत गेलेलं होतं, पू येत होता, वास येऊ नये म्हणून पदराला कापूर बांधून यायची. चौथ्या वेळेपासून ती दिसली नाही. मी सिस्टरला विचारलं, तर त्या म्हणाल्या, फोन लागत नाही. त्या कापराचा वास आठवला की अजून झोप लागत नाही.

---

सरळ बोलणारा | 7 फेब्रुवारी, सकाळी 7:15

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मला वाटतं ते मांडतो. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. आशाताई दारात येतात, 30 वर्षांवरच्या बायांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तिन्ही तपासणी व्हावी असा कार्यक्रम आहे. आणखी सरकारने काय करायचं? आधी बडव्याकडे (गावच्या भगताकडे) जातात, कोंबडं देतात, अंगावर काढतात आणि मग शेवटी दवाखाना. समाजाची मानसिकता बदलल्याशिवाय काही होणार नाही. जातीचा, जमातीचा प्रश्न यात आणू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

तोरणमाळचा मास्तर | 7 फेब्रुवारी, दुपारी 1:50

दादा, मी पावरा आहे, आश्रमशाळेत शिकवतो. तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मीही तसंच लिहितो.

माझ्या मावशीला हाच आजार झाला. हो, ती बडव्याकडे गेली. गाठ दाखवली त्याच आठवड्यात गेली. बडव्याने धान्याचे दाणे टाकले, पाहिलं आणि सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात जा. तिचा एक आठवडा बडव्याकडे गेला. पुढचे सहा महिने कुठे गेले ते ऐका.

आरोग्य शिबिरात मावशीला मराठीत विचारलं, "काही त्रास आहे का?" ती म्हणाली, नाही. खरंच त्रास नव्हता, गाठ दुखत नव्हती. कागदावर "नाही" लिहिलं गेलं. "छातीत किंवा काखेत काही कडक हाताला लागतं का?" असं पावरीत विचारलं असतं तर तिने हात धरून दाखवलं असतं. 'स्तन' हा शब्द तिने जन्मात ऐकलेला नाही. 'कर्करोग' तर आमच्या पोरांनाही पुस्तकात भेटतो.

मग तालुक्याचा दवाखाना. समोरच्याने "ए, इकडे बस" म्हणून तू-तुकार केला. मावशी 55 वर्षांची. शेजारी बसलेल्या लुगड्यातल्या म्हातारीला मात्र "आजी, या". मावशी काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा जायला तयार होईना. लोक याला मानसिकता म्हणतात. मानसिकता दोन्हीकडची असते, दादा.

मग कागद. आमची नावं लिहिणारे आमची भाषा बोलत नाहीत. उदाहरणादाखल ठुमली हे नाव घ्या: आधारवर ठुमली, शिधापत्रिकेवर थुमली, मतदार यादीत धुमली. आडनाव कुठे पावरा, कुठे पाडवी, कुठे नुसतं बापाचं नाव. दवाखान्यातला आरोग्यमित्र (योजनेचे कागद बघणारा माणूस) कॉम्प्युटरवर बघतो आणि म्हणतो, जुळत नाही, दुरुस्ती करून आणा. दुरुस्ती तालुक्याला, तालुका घाटाखाली, एका फेरीत दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडते. मावशीच्या चार फेऱ्या झाल्या.

योजना मोफत आहे, खरं आहे. पण पाड्यापासून त्या खिडकीपर्यंतची वाट मोफत नाही.

---

सरळ बोलणारा | 7 फेब्रुवारी, दुपारी 3:05

मास्तर, नावांचं हे मला माहीत नव्हतं. माझा शब्द मागे घेतो. मावशी आता कशा आहेत?

---

तोरणमाळचा मास्तर | 7 फेब्रुवारी, दुपारी 3:20

गेल्या पावसाळ्यात गेली.

---

डॉक्टर, पांझराकाठ | 7 फेब्रुवारी, रात्री 11:10

मास्तर, मावशींबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

मी धुळ्याकडे सर्जन आहे. 'वंश' आणि 'जमात' या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात.

पहिली गोष्ट आजाराच्या जातीची. स्तनाचा कॅन्सर एकच नसतो. तुकड्यावर तीन तपासण्या करतात: ईआर, पीआर (या दोन हार्मोनच्या) आणि हर-टू (एका प्रथिनाची). पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी रोजची गोळी पाच ते दहा वर्षं उपयोगी पडते, आणि ती अगदी स्वस्त आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तो भराभर वाढतो आणि गोळी चालत नाही, मुख्य भर किमोवर. अमेरिकेत काळ्या स्त्रियांमध्ये हा प्रकार गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतो. भारतातल्या अभ्यासांतही त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतं, आणि आपल्याकडे बायांना हा आजार साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. म्हणजे शरीराचा वाटा आहे, नाकारता येत नाही.

पण तेवढ्यावर थांबता येत नाही. अमेरिकेत काळ्या स्त्रियांना हा आजार गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, तरी त्याने मरण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्के जास्त आहे. हा सगळा फरक पेशींचा असता तर गोळीने बरे होणारे कॅन्सर असलेल्या बायांमध्ये तो दिसला नसता. तिथेही दिसतो. उशिरा निदान, अर्धवट उपचार, विम्याचे खोडे, सगळं त्यात येतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हेरॉल्ड फ्रीमन नावाचे सर्जन होते. त्यांच्या रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक बाया काळ्या आणि गरीब. 1986 पर्यंतच्या 22 वर्षांतल्या रुग्णांचा हिशेब मांडला, तर शंभरातल्या 39 जणीच पाच वर्षं जगलेल्या. त्यांनी दोन गोष्टी केल्या. तपासणी मोफत किंवा अगदी कमी पैशांत उपलब्ध केली, आणि 1990 मध्ये रुग्णासोबत चालणारी माणसं नेमली. ती डॉक्टर नव्हती. संशयास्पद गाठ सापडल्यापासून उपचार पुरे होईपर्यंत कागद, तारीख, गाडीभाडं, भीती, घरच्यांची समजूत, जे अडेल ते सोडवायचं, एवढंच त्यांचं काम. 1995 ते 2000 मधल्या रुग्णांत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 70 टक्क्यांवर गेलं. ताई, तुम्ही कोळशाच्या रेघांनी केलंत ते हेच काम आहे.

दोन सूचना आमच्या पेशातल्या लोकांसाठी, आणि त्या मी हात जोडून करतो. एक, छातीतली गाठ "बघू काढून" म्हणून कापू नका. आधी सुईने तुकडा घ्या, निदान होऊ द्या. आणि काढलेला एकही तुकडा तपासणीविना टाकू नका. दोन, आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे. किमोआधी ती तपासणी करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन दिलं तर जीवघेणा झटका येऊ शकतो. शिवाय हिमोग्लोबिन कमी असलं की किमो पुढे ढकलतात. तेव्हा "आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या" हे नीट समजावून सांगितलं नाही तर बाईला वाटतं, परत पाठवलं.

---

अमळनेरची लेक, लेस्टर | 8 फेब्रुवारी, पहाटे 3:30

इथे रात्रीचे दहा वाजलेत. इंग्लंडमधून लिहितेय, इथल्या रुग्णालयात 14 वर्षं काम करतेय.

इथे 50 ते 71 वयाच्या बायांना दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीचं पत्र घरी येतं. पैसे लागत नाहीत. तरीही आपल्या दक्षिण आशियाई बाया आणि काळ्या बाया गोऱ्या बायांपेक्षा कमी येतात. 2016 मध्ये इंग्लंडची आकडेवारी प्रसिद्ध झाली होती: गोऱ्या ब्रिटिश बायांमध्ये उशिराच्या स्टेजला निदान झालेल्या साधारण 13 टक्के, आफ्रिकी वंशाच्या काळ्या बायांमध्ये 25 टक्के. सगळं मोफत असलेल्या देशात हा फरक आहे. म्हणून मास्तरांचं वाटेबद्दलचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

माझ्या शेजारची गुजराती मावशी पत्र आलं की ड्रॉवरमध्ये ठेवायची, मुलगा वाचेल म्हणून. आईच्या छातीबद्दलचं पत्र मुलाने वाचून दाखवायचं, या लाजेपायी तीन पत्रं तशीच पडून राहिली. शेवटी मीच तिच्यासोबत गेले.

एक मात्र इथून शिकण्यासारखं आहे. इथे रुग्णाचा वंश नोंदवतात, म्हणून फरक उघडा पडला. आपल्याकडे किती पावरा बाया तिसऱ्या स्टेजला आल्या हे कुणी मोजलं तरच कळेल. ताई, तुमच्याकडे अशी काही नोंद आहे का?

---

यावलची तडवी | 8 फेब्रुवारी, सकाळी 9:00

आमच्या तडवी समाजात आणखी एक अडचण. आम्ही आदिवासीही आणि मुसलमानही. बाया पुरुष डॉक्टरसमोर पदर बाजूला करायला तयार होत नाहीत, आणि आमच्या भागात बाईडॉक्टर रोज नसतात. माझ्या सासूबाईंच्या वेळी डॉक्टर पुरुषच होते, पण त्यांनी आधी सिस्टरला आत बोलावलं, पडदा ओढला, "आई, तुमची परवानगी असेल तरच" असं विचारलं. सासूबाईंनी लगेच दाखवलं. त्या एका वाक्याला पैसे लागले नाहीत.

---

अहिराणी माय | 8 फेब्रुवारी, सकाळी 11:45

मी शिरपूर तालुकानी आशा शे. आमना कडे बाया काय म्हंतीस? "दुखस नही ते काय दखाडानं?" मी त्यासले सांगस, माय, दुखस नही म्हनीसनच दखाडानं. दुखस ती गाठ नेहमी वाईट नही, आन् नही दुखस ती नेहमी चांगली नही.

मराठीत सांगते आता. आम्हाला तपासणीचा फॉर्म भरायला शिकवलं, पण हाताने छाती कशी तपासायची हे एका दुपारी तासाभरात दाखवलं. तेवढ्यावर माझ्या बोटांना खात्री येत नाही. ताई, तुम्ही कसं शिकलात?

---

उपकेंद्रवाली ताई | 8 फेब्रुवारी, रात्री 9:15

सगळ्यांचं वाचलं. मास्तर, मावशींचं वाचून डोळे भरून आले.

माय, बोटांचं विचारलंस, ते आधी. मीही अर्ध्या दिवसात शिकले होते आणि बरीच वर्षं अंदाजानेच हात फिरवत होते. मग एका शिबिरात एका बाईडॉक्टरांनी माझी बोटं धरून शिकवलं. बोटांची टोकं लावायची नाहीत, मधल्या तीन बोटांची गादी लावायची. बाईला आडवं झोपव, त्या बाजूचा हात डोक्याखाली. रुपयाएवढे गोल फिरवत, आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत. गळ्याच्या हाडापासून छातीच्या खालच्या घडीपर्यंत, आणि काख विसरायची नाही. घाई करू नकोस, एका बाजूला निदान तीन मिनिटं दे. मग बसवून दोन्ही हात वर करायला लाव. कातडी कुठे आत ओढली जाते, बोंड कुठे वळतं, ते तेव्हा दिसतं. शहाद्याला ये एक दिवस, माझ्या हाताखाली वीस बाया तपासल्यास की तुझी बोटं तुला सांगायला लागतील.

हे हातानं तपासणं कमी दर्जाचं आहे असं कुणी समजू नये. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या लोकांनी 1998 पासून 20 वर्षं दीड लाख बायांवर हा अभ्यास केला. खास शिकवलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासायच्या. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले: तपासलेल्या गटात आजार लवकरच्या स्टेजला सापडला, आणि 50 वर्षांवरच्या बायांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मृत्यूंमध्ये तेवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून तरुण बाईने स्वतः "गाठ लागते" म्हटलं की तिला तपासणीच्या पुढच्या फेरीची वाट बघायला लावू नका, त्याच आठवड्यात खाली पाठवा.

लेस्टरच्या ताई, नोंदीचं विचारलंत. माझ्याकडे शंभर पानी एक वही आहे, निवृत्तीच्या वर्षी सुरू केलेली. त्यात 31 बाया आहेत. प्रत्येकीसमोर चार तारखा: गाठ पहिल्यांदा लागली ती, पहिल्यांदा दाखवली ती, तुकड्याचा रिपोर्ट आला ती, आणि पहिला उपचार झाला ती. सोबत पाडा आणि बोली. एवढ्याशा वहीवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढता येत नाही, ते मला कळतं. पण पानं उलटताना एक दिसतं. मला वाटायचं सगळ्यात जास्त वेळ बाई अंगावर काढते त्यात जातो. तो जातोच. पण निम्म्याहून जास्त बायांचा मोठा वेळ 'पहिल्यांदा दाखवली' आणि 'रिपोर्ट आला' या दोन तारखांच्या मध्ये गेलाय. म्हणजे बाई आली होती, आम्हीच तिला पुढे पोहोचवली नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण त्यातल्या काही बाया पहिल्यांदा माझ्याच उपकेंद्रात आलेल्या. "सूज असेल, गोळ्या घे, नाही उतरली तर ये" असं मीही म्हटलेलं आहे.

डॉक्टरसाहेब, हार्लेमचं वाचून मी दोनदा उठून पाणी प्यायले. 39 वरून 70. औषध तेच होतं का, काही नवीनही आलं असेल, पण सोबतीच्या माणसाने एवढं होत असेल तर आपल्याकडे ते पद का नाही? आरोग्यमित्र दवाखान्याच्या खिडकीत बसतो, आशा पाड्यावर असते, आणि मधली दीडशे किलोमीटर बाई एकटी चालते. त्या मधल्या वाटेवर बोली येणारी बाई हवी. मी तिला सोबतीण म्हणते. दर महिन्याला मानधन, फोन, गाडीभाडं. एका तालुक्याला दोघी पुरतील. यापूर्वी बऱ्या झालेल्या बाया यात घेतल्या तर दुधात साखर. आपण खान्देशातले लोक बाकी मागण्यांसाठी रस्त्यावर उतरतो, ही मागणी जिल्हा परिषदेत कुणी तरी लावून धरायला हवी. अर्ज मी लिहिते.

---

केळीची बाग, रावेर | 8 फेब्रुवारी, रात्री 10:05

ताई, मला घ्या. मी बरी झालेय, माझं वेळापत्रक मोकळं आहे, तडवी बायांशी माझं बोलणं जमतं. आणखी एक, ऑपरेशन झालेल्या बायांसाठी मी सुती कापडाचे, आत कापूस भरलेले पॅड शिवते. बाजारातलं सिलिकॉनचं महाग असतं. माझं ब्लाउजच्या आत बसतं, अंगाला टोचत नाही. माप पाठवलं तर शिवून देईन, पैसे नकोत. आणि काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, हे बायांना आधीच सांगा. कोयता आणि हंडे लगेच नकोत, व्यायाम हळूहळू वाढवायचा, आणि त्या हाताला काही लागलं, कापलं तर त्याच दिवशी दाखवायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं, दोन महिने हात भोपळ्यासारखा घेऊन फिरले.

---

भुसावळ जंक्शन | 9 फेब्रुवारी, सकाळी 6:40

रेल्वेत नोकरी केली, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि जनरलच्या दारात बसून जातात. एसटीत मार्च 2023 पासून सगळ्याच बायांना अर्धं तिकीट आहे. मुंबईला जावं लागलं तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्ही ठिकाणी बाहेरगावच्या रुग्णांची राहायची सोय होते. आधी फोन करून जा. पदपथावर झोपायची वेळ येऊ देऊ नका.

---

तोरणमाळचा मास्तर | 9 फेब्रुवारी, दुपारी 12:30

ताई, सोबतिणीची मागणी पक्की करा, सह्या मी गोळा करतो. आमच्या शाळेतल्या बारावीच्या पाच मुली नर्सिंगला जाऊ इच्छितात, त्यांनाही बोटांचं शिकवाल का?

दोन कामं मी आजच घेतो. एक, पावरीत तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करतो, मोबाइलवर फिरवायला. माझी बायको बोलेल, पुरुषाचा आवाज नको. 'कॅन्सर' हा शब्द शेवटी येईल. सुरुवात "बहिणी, अंघोळ करताना छातीला हात लाव" इथून. दुसरं, आमच्या गावच्या बडव्याला बसवून सांगतो, की छातीतली गाठ कुणी दाखवली तर दाणे टाक, पण त्याच दिवशी आशाला निरोप दे. तो ऐकेल. मावशीला त्यानेच खाली पाठवलं होतं.

आणि एक अडचण. तुमची ती पाड्यावरची बाई, तिची पुढची किमो कधी आहे? माझ्या अंदाजाने होळीच्या आठवड्यात येते. होळीला आमच्याकडे कुणी घाट उतरत नाही. भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आमचा मोठा बाजार) झाला की पाडे नाचायला लागतात. तिला त्या दिवशी दवाखान्यात बोलावलं तर ती येणार नाही, आणि एकदा चुकली की पुन्हा येईलच असं नाही.

---

डॉक्टर, पांझराकाठ | 9 फेब्रुवारी, दुपारी 2:15

मास्तर, हे वेळेवर सांगितलंत. दोन-चार दिवस मागे-पुढे करता येतात, पण ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून ठरवायचं, बाईने परस्पर नाही. ताई, त्यांच्याशी आजच बोला. आणि होळीत गर्दीत जाताना काळजी घ्यायला सांगा. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली असतात. ताप आला तर रात्र असली तरी खाली आणायचं.

---

उपकेंद्रवाली ताई | 9 फेब्रुवारी, रात्री 8:50

बोलले. किमो होळीनंतर चौथ्या दिवशी ठेवलीय. तिला फोनवर सांगितलं, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला. म्हणाली, मग भिंतीवरची रेघ थोडी लांब ओढते.

मास्तर, मी येत्या रविवारी धडगावला येते, सकाळच्या गाडीने. मुलींना शाळेतच थांबवा. आणि पाड्यावरच्या ज्या ज्या बायांची नावं आधारवर आणि शिधापत्रिकेवर वेगळी आहेत, त्यांच्या दोन्हींच्या झेरॉक्स गोळा करून ठेवा, आजारी असोत की नसोत. दुरुस्त्या आत्ताच एकदम करून घेऊ. रावेरच्या ताई, तुम्ही आलात तर पॅडचं माप घ्यायला दोघी बाया तयार आहेत.